खोली बदलली की सेन्सर मुका होतो? आधी मॉड्यूलभोवतीची वीतभर जागा तपासा

टेबलावर सगळं ठणठणीत चालतं. दोन आर्डुइनो (प्रोग्राम चढवता येणारे छोटे बोर्ड), दोन रेडिओ मॉड्यूल, मध्ये हातभर अंतर आणि स्क्रीनवर तापमानाचे आकडे एकाखाली एक पडत राहतात. मग तोच सेन्सर डबीत बंद करून बाल्कनीत ठेवला की पंधरा मिनिटांत एखादा आकडा येतो, पुढे तासभर सामसूम, मग अचानक सलग पाच-सहा आकडे आणि पुन्हा गप्प. मॉड्यूलच्या जाहिरातीत हजार मीटर लिहिलेलं असतं आणि आपल्याला दहा मीटर मिळवायला घाम फुटतो.

घरी सेन्सर बनवण्याच्या नादाला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रसाद मिळतो, आणि एकदा सुटला म्हणून पुन्हा मिळत नाही असंही नाही. मी आतापर्यंत चारदा यात अडकलो. चारही वेळा कारण वेगळं निघालं, पण त्यातलं तीनदा सापडलं मॉड्यूलपाशीच, त्याच्या भोवतीच्या वीतभर जागेत. भिंतींवर आणि शेजारच्या वाय-फायवर खापर फोडणं सोपं असतं, कारण त्यांचं आपण काही करू शकत नाही. पुढचा सगळा क्रम म्हणूनच आतून बाहेर जाणारा आहे. आधी वीज, मग अँटेना, मग सेटिंग, मग हवा आणि सगळ्यात शेवटी घर.

आधी आकडा हातात घ्या

"रेंज कमी आहे" ही तक्रार झाली, मोजमाप नव्हे. स्केचमध्ये, म्हणजे आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये, एक चढता क्रमांक टाका, दर सेकंदाला एक याप्रमाणे शंभर पॅकेट (माहितीचे छोटे गठ्ठे) पाठवा आणि गेटवेवर, म्हणजे सेन्सरांचं ऐकणाऱ्या घरातल्या रेडिओवर, किती पोचले ते मोजा. या चाचणीपुरतं पोचपावती न आल्यास आपोआप पुन्हा पाठवणं बंद ठेवा. नाहीतर रेडिओ प्रत्येक पॅकेटमागे गुपचूप पंधरा-पंधरा प्रयत्न करतो आणि दुखणं झाकलं जातं.

आरएफएम६९ आणि लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) मॉड्यूल सिग्नलची ताकद डीबीएममध्ये सांगतात (हे ताकद मोजायचं माप, आकडा जितका उणे तितका सिग्नल मंद), त्यांचं काम सोपं. एनआरएफ२४एल०१+ ही चिप मात्र याबाबतीत ताकास तूर लागू देत नाही. सिग्नल उणे ६४ डीबीएमच्या वर आहे की नाही, एवढं एका बिटात सांगते आणि गप्प बसते. पण तिच्याकडूनही माहिती काढता येते. रिट्राय, म्हणजे तेच आपोआप पुन्हा पाठवणं, चालू ठेवून पाठवलं की शेवटचं पॅकेट पोचवायला किती वेळा पुन्हा प्रयत्न करावा लागला, तो आकडा ऑब्झर्व्ह-टीएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये मिळतो. या चिपसाठीच्या आरएफ२४ लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) तो वाचायला तयार फंक्शन आहे. सरासरी शून्य-एक असेल तर दुवा निरोगी. सात-आठ असेल तर आज चाललंय म्हणून खूश होऊ नका, उद्या दार बंद झालं की बंद पडेल.

आणि हातात लॅपटॉप घेऊन घरभर फिरू नका. त्यापेक्षा पाठवण्याची पॉवर किमान करा. एनआरएफमध्ये चार पायऱ्या असतात: उणे १८, उणे १२, उणे ६ आणि शून्य डीबीएम. मोकळ्या जागेत ६ डीबीला अंतर दुप्पट किंवा निम्मं होतं, म्हणजे १८ डीबी खाली आलात की पल्ला एक अष्टमांश. जो बिघाड बाल्कनीत दिसत होता तो आता खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात दिसायला लागतो आणि खुर्चीत बसून दुरुस्ती करता येते. यात एक बोनसही आहे. किमान आणि कमाल पॉवरवर शंभरातला आकडा जवळपास सारखाच येत असेल, तर एक तर सेटिंग चिपपर्यंत पोचतच नाहीये किंवा कमाल पॉवरला वीजपुरवठा धाप टाकतोय.

वीज: इथेच सगळ्यात जास्त पाणी मुरतं

माझी पहिली गोष्ट इथलीच. साध्या एनआरएफ मॉड्यूलवर बाल्कनीतून शंभरातले चाळीसेक पॅकेट येत होते. मी काय केलं? लांब काळी अँटेना असलेलं, आत पॉवर अँप्लिफायर असलेलं मोठं मॉड्यूल आणून लावलं. आता शंभरात अकरा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

झालं होतं असं. आर्डुइनो ऊनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर ५० मिलिअँपिअरपर्यंतच वीज घ्यायची असते. साधं मॉड्यूल कमाल पॉवरला पाठवताना साधारण ११ मिलिअँपिअर घेतं, ऐकताना १३ च्या आसपास. हे अँप्लिफायरवालं मॉड्यूल मात्र पाठवताना शंभराच्या वर जातं. म्हणजे नेमका बोलायच्या क्षणी त्याचा गळा दाबला जात होता.

मल्टिमीटर लावला तर तो निर्विकारपणे ३.३ दाखवतो. त्यावर विश्वास ठेवू नका. २५० केबीपीएसवर (सेकंदाला अडीच लाख बिट) ३२ बाइटचं पूर्ण पॅकेट हवेत जायला साधारण १.३ मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात पडलेला आणि सावरलेला व्होल्टेज मल्टिमीटरला कळत नाही, ऑसिलोस्कोपवरच दिसतो. तो नसला तरी हरकत नाही, कारण उपाय तपासापेक्षा स्वस्त आहे.

मॉड्यूलच्या आठ पिनांपैकी पहिली ग्राउंड (पुरवठ्याचं उणे टोक) आणि दुसरी व्हीसीसी (अधिक टोक). या दोन पिनांवर, मॉड्यूलच्याच अंगावर, १० ते १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सोल्डर करा. त्याच्या शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. पाय जितके आखूड कापता येतील तितके कापा. कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा ग्राउंडकडे असायला हवा, हे सांगायची गरज नसावी, पण रात्री बारा वाजता सोल्डरिंग करणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. ब्रेडबोर्डवर चार इंच लांब कुठेतरी खोचलेला कपॅसिटर हा कपॅसिटर नव्हे. जंपर वायरची लांबीच झटक्याला अडवते, आणि आपल्याला जिथे साठा हवाय तिथे तो वेळेत पोचत नाही. मोठा कपॅसिटर झटका पेलतो, छोटा वेगवान खरखर गिळतो. दोन्ही लागतात.

अँप्लिफायरवाल्या मॉड्यूलला कपॅसिटरने भागत नाही, त्याला स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ३.३ वर धरून ठेवणारी चिप, द्या. पाच व्होल्टवरून एएमएस१११७-३.३ लावला तरी चालतो. पण तोच रेग्युलेटर ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर लावलेला मी कितीतरी घरगुती सर्किटांत पाहिलाय, आणि तिथे तो चुकीचा आहे. त्याला स्वतःसाठीच एक व्होल्टच्या वर फरक लागतो, म्हणजे पलीकडे २.६-२.७ व्होल्टच उरतात. शिवाय काही न करता तो पाचेक मिलिअँपिअर खात बसतो, बॅटरीचा सेन्सर आठवड्यात आडवा. बॅटरीवर एमसीपी१७०० सारखा कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर घ्या. तो स्वतः दोन मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी खातो आणि २५० मिलिअँपिअरपर्यंत देतो.

कपॅसिटर आणि वेगळा रेग्युलेटर लागल्यावर माझे अकराचे चौऱ्याण्णव झाले. अँटेना तीच, जागा तीच, कोडची एक ओळ बदलली नव्हती.

सगळे पाठवणाऱ्याकडेच बघतात, म्हणून ऐकणाऱ्याबद्दल वेगळं सांगतो. गेटवेच्या पुरवठ्यात खरखर असेल तर त्याचे कान भरतात आणि मंद सिग्नल त्याला ऐकूच येत नाही. हलक्या प्रतीचा मोबाइल चार्जर हा इथला नेहमीचा गुन्हेगार. एक चाचणी गेटवे पॉवर बँकेवर चालवून करा. आकडा दहा-वीसने वाढला तर चार्जर बदला, अँटेनाला हात लावू नका.

नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलवर चालणाऱ्या सेन्सरांची तऱ्हा आणखी वेगळी. नवा असताना उत्तम, दोन महिन्यांनी "रेंज कमी झाली". रेंज तीच असते, सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. समजा तो ५० ओहमवर गेला, तर १२ मिलिअँपिअरच्या झटक्याला ०.६ व्होल्ट सेलच्या आतच गळतो. थंडीत ते अजून वाढतं, म्हणून बाहेरचे सेन्सर पहाटे गायब होतात आणि उन्हं आली की परततात. सेलला समांतर मोठा कपॅसिटर लावला की बराच काळ निभावतं. व्होल्टेज मोजून पाठवत असाल तर झोपेतून उठल्या उठल्या मोजू नका, पाठवून झाल्या क्षणी मोजा. खरी अवस्था तेव्हाच कळते.

अँटेना: सेंटिमीटर मोजायची जागा

पाव तरंगलांबीची साधी तार ही घरगुती कामाला पुष्कळ झाली. ४३३.९२ मेगाहर्ट्झला हिशेबाने १७.३ सेंटिमीटर, ८६८ ला ८.६, ९१५ ला ८.२ आणि २.४ गिगाहर्ट्झला ३.१. प्रत्यक्षात तार तीन ते पाच टक्के आखूड लागते, तेव्हा मोठी कापून लावा आणि शंभरातला आकडा बघत दोन-दोन मिलिमीटर छाटा. मोजमाप मॉड्यूलच्या छिद्रापासून सुरू होतं, इन्सुलेशन जिथे सुरू होतं तिथून नव्हे.

ही तार म्हणजे अर्धी अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे ग्राउंड. बॅटरीवरच्या छोट्याशा सर्किटला ग्राउंड म्हणून नखाएवढा तांब्याचा तुकडा असतो, मग तार कितीही अचूक कापा, ती लंगडीच राहते. उपाय सोपा आहे. तेवढ्याच लांबीची दुसरी तार ग्राउंडला जोडा आणि पहिलीच्या उलट दिशेला सोडा. ४३३ च्या मॉड्यूलांवर या एका तारेने जो फरक पडतो तो महागड्या अँटेनेनेही पडत नाही, असं माझं मत झालंय. डबीत जागा नाही म्हणून तार बॅटरीभोवती गुंडाळलेली असेल तर मात्र ती अँटेना उरत नाही, ती बॅटरीची सजावट होते.

दुसरी गोष्ट. एकदा राउटरची जुनी अँटेना उचलून मॉड्यूलला लावली. आटे जुळले, घट्ट बसली, दिसायला झकास. रेंज दीड मीटर. अर्धा दिवस कोड चाळला. शेवटी अँटेना काढून भिंगाखाली धरली, तर तिच्या मधोमध छिद्र. मॉड्यूलच्या कनेक्टरमध्ये पाहिलं, तिथेही छिद्र. एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन जाती आहेत. बाहेरचे आटे दोन्हींचे सारखे, मधली पिन मात्र उलट बाजूला. छिद्राला छिद्र भिडलं की फिरवून घट्ट बसतं आणि आत काहीच जोडलं जात नाही. अँटेना लावण्याआधी एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला छिद्र दिसलंच पाहिजे. अँप्लिफायरवालं मॉड्यूल अशा अवस्थेत फार वेळ चालवलं तर अँप्लिफायरच जाऊ शकतो, माझं नशीब बरं होतं.

त्याहून बारीक असतो यू.एफएल कनेक्टर, तांदळाच्या दाण्याएवढा. तो साधारण तीसेक वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो, दर चाचणीला उचकटायचा नसतो. ईएसपी३२-कॅमसारख्या बोर्डांवर तर दोन्ही असतात, बोर्डावर छापलेली अँटेना आणि हा कनेक्टर, आणि कुठली वापरायची ते शून्य ओहमचा एक मोहरीएवढा रेझिस्टर ठरवतो. बाहेरची अँटेना लावली आणि रेझिस्टर जागचा हलवला नाही, तर सिग्नल अजूनही छापील अँटेनेकडेच जातोय. नवी अँटेना आणूनही काडीचा फरक पडला नाही, असं कुणी म्हणालं की मी आधी हाच रेझिस्टर बघायला सांगतो.

छापील नागमोडी अँटेना असेल तर तिच्या आजूबाजूला आणि खाली किमान १५ मिलिमीटर काही नको. तांबं नको, तारा नकोत, बॅटरी तर नकोच. मॉड्यूल बोर्डाच्या कडेला असं बसवा की अँटेनेचं टोक बाहेर डोकावेल. ब्रेडबोर्डच्या मधोमध खोचलेल्या मॉड्यूलकडून मी तरी कसली अपेक्षा ठेवत नाही, आतल्या धातूच्या पट्ट्या त्याला निम्मं खाऊन टाकतात.

आणि दोन्ही टोकांच्या तारा एकाच दिशेला ठेवा, दोन्ही उभ्या किंवा दोन्ही आडव्या. एक उभी आणि एक आडवी झाली तर मोकळ्या जागेत २० डीबीपर्यंत नुकसान होतं. घरात भिंतींवर आपटून सिग्नलची दिशा पिसाटते म्हणून एवढं होत नाही, पण होतं. तारेचं टोक समोरच्या रेडिओवर रोखून ठेवायचं नाही, हेही लक्षात असू द्या. टॉर्चसारखा सिग्नल टोकातून निघत नाही, तो तारेच्या चहूबाजूंनी निघतो आणि टोकाच्या दिशेला जवळपास शून्य असतो.

एका ओळीची चूक

तिसऱ्या वेळचा घोटाळा सॉफ्टवेअरमधला. आरएफएम६९एचसीडब्ल्यू, २० डीबीएमपर्यंत देणारं मॉड्यूल, आणि पलीकडच्या खोलीत पोचेना. या मालिकेत नावात "एच" असलेल्या मॉड्यूलांची अँटेना चिपच्या वेगळ्या पायाला जोडलेली असते. लायब्ररीला "हे हाय पॉवर मॉड्यूल आहे" असं सांगितलं नाही, तर ती सगळी ताकद दुसऱ्याच पायावर ओतते, जो अँटेनेला जोडलेलाच नसतो. गंमत म्हणजे तरीही टेबलावर चालतं. जी काही गळती होते तेवढ्यावर दोन-तीन मीटर पोचतं. उलटही तितकंच वाईट, "एच" नसलेल्या मॉड्यूलला हाय पॉवर सांगितलं तरी हाच खेळ. मॉड्यूलच्या पाठीवरचं नाव वाचा आणि मग ती एक ओळ लिहा.

असाच फसवा प्रकार म्हणजे चुकीच्या बँडचं, म्हणजे चुकीच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्याचं, मॉड्यूल. आरएफएम९५ ८६८/९१५ साठी, आरएफएम९८ ४३३ साठी. सॉफ्टवेअरमध्ये दुसरी फ्रिक्वेन्सी टाकली तर चिप मुकाट्याने ऐकते, पण अँटेनेआधीचं फिल्टर तिला अडवतं. टेबलावर चालणार, दाराबाहेर नाही. कुठला बँड वापरायची परवानगी आहे हे प्रत्येक देशात वेगळं असतं, तेव्हा मॉड्यूल घेतानाच ते बघून घ्या.

डेटा रेटकडे, म्हणजे माहिती पाठवण्याच्या वेगाकडे, फार कमी जण बघतात. एनआरएफ२४एल०१+ २ एमबीपीएसला उणे ८२ डीबीएमपर्यंत ऐकतं, १ एमबीपीएसला उणे ८५ आणि २५० केबीपीएसला उणे ९४. आरएफ२४ लायब्ररी न सांगता १ एमबीपीएस धरते. तापमानाचे चार बाइट पाठवायला एवढी घाई कशाला? २५० वर आलात की ९ डीबी फुकट, म्हणजे मोकळ्या जागेत पावणेतीनपट अंतर. बदल दोन्ही टोकांना करा, आणि रिट्रायमधली विश्रांती किमान ५०० मायक्रोसेकंद ठेवा, नाहीतर पोचपावती येण्याआधीच पाठवणारा पुन्हा बोलायला लागतो. जुन्या, नावात अधिक चिन्ह नसलेल्या एनआरएफ२४एल०१ मध्ये २५० ची सोयच नाही. डेटा रेट बदलणारं फंक्शन खरं-खोटं परत देतं, ते छापून बघा. अधिक चिन्ह छापलेली पण आत भलतीच चिप असलेली मॉड्यूलही पुष्कळ फिरतात. ती आपापसांत बरी बोलतात, पण अस्सल चिपशी पोचपावतीवरून त्यांचे खटके उडतात. संशय आला तर दोन्ही टोकांना एकाच गठ्ठ्यातली मॉड्यूल लावून बघा.

पत्त्याचंही तसंच. एए-एए-एए-एए-एए किंवा ५५-५५ असे सोपे पत्ते देऊ नका. पॅकेटच्या सुरुवातीला तालासाठी एक-शून्य-एक-शून्य असाच ठेका असतो, पत्ताही तसाच असला तर चिपला एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळत नाही. हे चिपच्या माहितीपत्रकातच लिहिलंय, फक्त तिथवर कुणी वाचत जात नाही.

लोरावाल्यांना एकच सांगणं. रेंज हवी म्हणून बँडविड्थ, म्हणजे सिग्नलच्या पट्ट्याची रुंदी, भसाभस कमी करू नका. स्वस्त मॉड्यूलच्या क्रिस्टलमध्ये (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या स्फटिकात) २० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत वीसची, चूक असली तर ८६८ मेगाहर्ट्झला ती १७ किलोहर्ट्झ होते, आणि दोन टोकं उलट दिशेला सरकली तर ३५. लोरा बँडविड्थच्या साधारण पावपट फरक खपवून घेतो. ६२.५ किलोहर्ट्झवर हे गणित जुळत नाही, १२५ वर टोकाची वेळ सोडली तर निभावतं. त्यातून बाहेरचा सेन्सर थंड आणि घरातला गेटवे गरम. १२५ वर राहा आणि स्प्रेडिंग फॅक्टर (लोरा प्रत्येक चिन्ह किती लांबवून पाठवतो ते सेटिंग) वाढवा. प्रत्येक पायरीला अडीच डीबीच्या आसपास मिळतात, मात्र हवेतला वेळ जवळपास दुप्पट होतो.

हवेतली गर्दी

एनआरएफचा चॅनल क्रमांक २४०० मध्ये मिळवला की मेगाहर्ट्झ मिळतात. वाय-फायचा १ नंबर चॅनल २४१२ भोवती, ६ नंबर २४३७ भोवती आणि ११ नंबर २४६२ भोवती, प्रत्येकी वीस-बावीस मेगाहर्ट्झ पसरलेला. लायब्ररीचा मूळचा ७६ हा वाय-फायच्या ११ च्या अगदी कुंपणाला लागून असतो, आणि राउटर १३ वर गेला की थेट त्याच्या अंगणात. ब्लूटूथ लो एनर्जीच्या जाहिराती २४०२, २४२६ आणि २४८० वर चालतात, म्हणून २, २६ आणि ८० टाळा. वर जावं म्हणून १०० किंवा १२० टाकायचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. चिप १२५ पर्यंत जाते खरी, पण बहुतेक ठिकाणी खुला बँड २४८३.५ ला संपतो. पलीकडे आपलं काही काम नाही.

गेटवे जर रास्पबेरी पायच्या किंवा पीसीच्या शेजारी असेल आणि तिथे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क चालू असेल, तर ते आधी बघा. यूएसबी ३ च्या वेगवान तारा २.४ ते २.५ गिगाहर्ट्झमध्ये खरखर सोडतात. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर एक टिपण काढलं होतं. रेडिओ हातभर लांब न्या, यूएसबीवाला असेल तर साध्या एक्स्टेन्शन केबलवर टाका. झिगबी (२.४ गिगाहर्ट्झवरच चालणारी घरगुती सेन्सरांची यंत्रणा) वापरणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी या एका केबलने मिटतात असं म्हणायला माझी हरकत नाही.

कधी कधी दुखणं रेंजचं नसतंच. दहा सेन्सर, सगळे दर साठ सेकंदांनी पाठवणारे, आणि घड्याळं हळूहळू सरकत एक दिवस दोघं-तिघं एकाच क्षणी बोलायला लागतात. तासभर दोघंही गायब, मग पुन्हा दोघंही ठणठणीत. असं तालात येणं-जाणं दिसलं तर अँटेना विसरा, झोपेच्या वेळेत दोन-तीन सेकंदांचा यादृच्छिक फरक टाका.

४३३ मेगाहर्ट्झच्या, जोडीने मिळणाऱ्या स्वस्त हिरव्या पाट्यांबद्दल (एक पाठवणारी, एक ऐकणारी) थोडक्यात. पाठवणारी ठीक आहे, तिला ३.३ ऐवजी ५ किंवा १२ व्होल्ट द्या, फरक लगेच दिसतो. ऐकणारी मात्र सुपर-रिजनरेटिव्ह जातीची, सिग्नल नसला की खरखर ऐकून तिलाच डेटा समजते. तिच्यावर वेळ घालवू नका. आरएक्सबी६ सारखा सुपरहेटरोडाइन जातीचा, जास्त नेमकं ऐकणारा, रिसीव्हर लावा, बाकी सगळं तेच ठेवा.

घराची पाळी

एवढं सगळं झाल्यावरही आकडा ऐंशीच्या खाली असेल तर आता भिंतींकडे बघायला हरकत नाही. विटांच्या भिंतीपेक्षा लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा आणि फॉइल लावलेलं इन्सुलेशन जास्त अडवतात. आरशाच्या पाठीवर धातूचा थर असतो, हे आपण विसरतो. गेटवे कपाटामागे लपवला असेल तर बाहेर काढा, दिसायला वाईट दिसेल.

२.४ गिगाहर्ट्झला घरात उसळलेले सिग्नल एकमेकांना मारून मृत खड्डे तयार करतात, आणि खड्डा ते उंचवटा अंतर असतं तीन सेंटिमीटर. म्हणून सेन्सर दुसऱ्या खोलीत हलवण्याआधी चार बोटं सरकवून बघा. चाचणी करताना डबीवरून हात काढा आणि स्वतःही बाजूला व्हा, माणूस म्हणजे रेडिओच्या दृष्टीने पाण्याची पिशवी. उलट टोकाची चूकही होते. दोन अँप्लिफायरवाली मॉड्यूल टेबलावर वीतभर अंतरावर कमाल पॉवरला लावली तर ऐकणाऱ्याचे कान बधिर होतात आणि जवळ असूनच काही पोचत नाही. दोन-तीन मीटर लांब न्या किंवा पॉवर उतरवा.

चौथ्या वेळी माझा नाइलाज झाला. न्हाणीघरातला आर्द्रतेचा सेन्सर. एका बाजूला आरसा, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, मध्ये धातूचं दार. कपॅसिटर होता, तार मोजून कापलेली, डेटा रेट २५०, तरी शंभरातले बावन्न. पॉवर वाढवायचा मोह झाला, कारण अँप्लिफायरवालं मॉड्यूल खणात पडलेलंच होतं. शेवटी गेटवे आणि न्हाणीघर दोन्ही जिथून सरळ दिसतात अशा पॅसेजच्या कोपऱ्यात एक साधं मॉड्यूल रिपीटर म्हणून, म्हणजे ऐकलेलं पुढे पाठवायला, लावलं. त्याला सतत ऐकत राहावं लागतं, म्हणून ते बॅटरीवर नाही, प्लगवर आहे. आणि हो, त्या चार्जरने पहिल्या दिवशी खरखर करून पुन्हा साठावर आणलंच होतं. चार्जर बदलला. सध्या सत्त्याण्णव आहेत, आणि उरलेल्या तिनांसाठी मी त्या कोपऱ्याला हात लावणार नाही.